जॉन्सन खरंच हरला होता का?

हवानातला तो फोटो मी भिंग लावून पाहिलाय. 5 एप्रिल 1915, हेवीवेट बॉक्सिंगच्या जगज्जेतेपदाच्या लढतीची 26वी फेरी. जॅक जॉन्सन पाठीवर पडलेला, हात डोळ्यांवर, जणू ऊन अडवतोय. पुढे त्यानंच सांगितलं, मी मुद्दाम हरलो. मला पटत नाही. हरायचंच होतं तर 37 वर्षांचा माणूस 25 फेऱ्या उन्हात कशाला झुंजेल? प्रतिस्पर्धी जेस विलार्डनं त्याला खरोखर पाडलं.

माझी तक्रार वेगळीच आहे. 1908 साली सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. त्याआधी गोऱ्या विजेत्यांनी त्याला दारातच अडवलं होतं. जगज्जेता झाल्यावर त्यानंही कृष्णवर्णीय बॉक्सर सॅम लँगफोर्डला तसंच अडवलं. 1906 मध्ये लँगफोर्डला हरवल्यावर त्याला पुन्हा संधीच दिली नाही. 1910 मध्ये रेनोत माजी जगज्जेत्या जेफ्रीजला लोळवणारा हा माणूस लँगफोर्डलाही भारी पडला असता, म्हणून तर जास्त राग येतो.