घाम, मीठ आणि ओहोटी
(स्त्रियांची अर्धमॅरेथॉन : लेखांक सहावा)

आषाढ लागला की भाईंदरच्या गोडदेव नाक्यावरून पहाटे धावत जाणाऱ्या बाईला ओळखीची माणसे हटकून एकच प्रश्न विचारतात, की एवढ्या पावसात थंडी कशी वाजत नाही. आणि या प्रश्नामागे जो समज आहे, की पाऊस पडला म्हणजे अंग आपोआप थंड राहते, तोच समज पावसाळ्यात २१ किलोमीटर धावू पाहणाऱ्या स्त्रीस सर्वांत अधिक नडतो, असे मला आजवरच्या अनुभवाने ठामपणे वाटू लागले आहे. मागील पाच लेखांकांत आठवड्याचे वेळापत्रक, पादत्राणे, आहार आदी विषय येऊन गेले; आज केवळ पावसाचा विचार करावयाचा आहे, आणि तोही आपल्या, उत्तर कोकणातल्या, खाडीकाठच्या पावसाचा.

हा खुलासा आरंभीच करण्याचे कारण असे, की पावसातील धावण्याविषयी जो उपदेश आपल्यापर्यंत पोहोचतो, तो बहुतांशी थंड मुलखांतून आलेला असतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये बोस्टन येथील मॅरेथॉन मुसळधार पावसात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात पार पडली, तेव्हा तेथील तापमान पाच अंशांच्या आसपास होते. अनेक नामांकित धावपटूंनी अर्ध्यातूनच शर्यत सोडली आणि डेझिरी लिंडेन या अमेरिकन धावपटूने २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत ती जिंकून १९८५ नंतर प्रथमच तो मान आपल्या देशाच्या स्त्रीकडे आणला. त्या पावसात शत्रू होता गारठा, आणि म्हणून तेथे अंगात पाणी न शिरू देणारे जाकीट चढवून धावणे शहाणपणाचे ठरले. तेच जाकीट घालून जुलै महिन्यात जी बाई गोल्डन नेस्टच्या चौकापासून भाईंदर स्थानकापर्यंत धावेल, ती बाहेरून कोरडी आणि आतून उकडलेली अशी परत येईल. कारण आपल्याकडे जुलैच्या पहाटेसही तापमान पंचवीस-सव्वीस अंशांखाली क्वचितच उतरते आणि हवेतील आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते.

याचा हिशेब एकदा स्वच्छपणे मांडून पाहण्यासारखा आहे. धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला, सुमारे एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते, असा स्थूल नियम आहे. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीस अर्धमॅरेथॉनचे २१.०९७५ किलोमीटर पार करण्यास सुमारे साडेअकराशे किलोकॅलरी लागतात. यातील पाऊण हिस्सा, म्हणजे साडेआठशेहून थोडी अधिक, पायांना पुढे नेण्याच्या कामी येतच नाही, तर उष्णतेच्या रूपाने अंगात साचत जाते. ही उष्णता बाहेर टाकण्याचे शरीराचे मुख्य साधन घाम होय. परंतु घाम नुसता आल्याने काही होत नाही, तो उडून जावा लागतो. एक लिटर घाम त्वचेवरून पुरता उडून गेला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातो. म्हणजे दीड लिटर घाम पुरतेपणी वाळला, तर आपल्या धावणाऱ्या बाईचे काम भागले. कोरड्या हवेत, समजा माण तालुक्यातील मोहीसारख्या अवर्षणग्रस्त गावी, जेथून ललिता बाबर यांच्यासारखी धावपटू निघाली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली, तेथे हा घाम आल्या क्षणी उडू लागतो. आपल्याकडे मात्र हवाच पाण्याने तुडुंब भरलेली असल्यामुळे त्यातला बराचसा हनुवटीवरून, कोपरांवरून नुसता गळून पडतो, आणि गळून पडलेला घाम कसलीही उष्णता नेत नाही. वाऱ्यासह सर आली तर तिच्यामुळे काही वेळ बरे वाटते, हे कबूल केले पाहिजे. परंतु सर ओसरून उघडीप पडली, तापलेल्या डांबरातून वाफ वर येऊ लागली आणि वारा पडला, की तेव्हाची पंधरा मिनिटे साऱ्या धावेतली सर्वांत कठीण असतात. म्हणून पावसाळ्यात वेग घड्याळावर ठरवू नये, श्वासावर ठरवावा. हिवाळ्यात किलोमीटरला सात मिनिटे लागत असतील तर श्रावणात साडेसात लागू द्यावीत, आणि त्याबद्दल मनात किंचितही खंत बाळगू नये.

आता मिठाविषयी. भाईंदरचा हा सारा परिसर मिठागरांचा. आगरांवर राबणारे म्हणून आगरी, आणि गोडदेव, नवघर, खारी या गावठाणांतील कित्येक जुन्या घरांत मिठावर पिढ्या गेल्या. उन्हाळाभर वाफ्यांतील पांढऱ्याशुभ्र राशी दिसतात. पाऊस लागताच आगर बंद होते, वाफे बुडतात आणि जेथे मीठ होते तेथे नुसते मातकट पाणी उरते. धावणाऱ्या बाईच्या सदऱ्याचेही नेमके असेच होते. मे महिन्यात दहा किलोमीटर धावून आले की पाठीवर, कमरेशी पांढऱ्या रेषा उमटलेल्या स्पष्ट दिसतात आणि किती मीठ गेले याची जाणीव आपोआप होते. पावसातही मीठ जातेच, पण सरीबरोबर धुऊन निघते आणि अंगावर पुरावा म्हणून काही राहत नाही. एक लिटर घामातून साधारणपणे एक ग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम मीठ जाते. व्यक्तीगणिक हे प्रमाण पुष्कळ कमीजास्त असते, तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीतही दर लिटरास २.६ ग्रॅम मीठ असते, हे ध्यानात घेतले म्हणजे पहाटे कमरेला लावावयाच्या बाटलीत काय भरावे हे निराळे सांगण्याची आवश्यकता राहत नाही.

हे मी स्वतः ठेच लागून शिकले. एका पावसाळी रविवारी, घसा सुकू नये एवढ्याच काळजीने, दर दोन किलोमीटरला मी साधे पाणी पीत राहिले. सोळाव्या किलोमीटरपाशी बोटे सुजून अंगठी रुतू लागली, मळमळले, आणि डोके असे जड झाले की पुढला रस्ता सरळ आहे की वळणाचा, ते कळेना. तहान लागली असेल असे समजून मी आणखी पाणी प्याले, आणि प्रकृती अधिकच ढासळली. रक्तातील सोडियम पाण्याने पातळ होण्याचा हा प्रकार आपण समजतो त्याहून अधिक सर्रास घडतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावकांचे रक्त तपासले तेव्हा त्यांपैकी १३ टक्क्यांत तो आढळला, आणि त्याचे मूळ वाटेत घेतलेल्या अतिरिक्त पाण्यात होते. ज्यांचे शरीर लहान आणि ज्यांना अंतर कापावयास वेळ अधिक लागतो, त्यांना तो धोका विशेष. म्हणजे सावकाश धावणाऱ्या स्त्रियाच त्याच्या तावडीत अधिक सापडतात. तहान लागेल तेवढेच, आणि मीठ-साखर घातलेले पाणी प्यावे. धावेनंतरचे वजन धावेपूर्वीच्या वजनापेक्षा वाढलेले आढळले, तर काहीतरी चुकले आहे असे निश्चित समजावे. याच ओघात सांगून टाकते, की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तेव्हा पावसाळी सरावात सतत दम लागत असेल तर तो हवामानाच्या माथी मारण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घेणे अगत्याचे आहे.

रस्त्याची गोष्ट याहून वेगळी, आणि ती सांगताना पंचांगाकडे वळावे लागते. भाईंदर पूर्वेचा भाग सखल; उत्तरेस वसईची खाडी. मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की नाल्यांचे पाणी खाडीत उतरत नाही आणि ते रस्त्यावर चढते. आता दर्यावर्दी लोकांचा एक जुना हिशेब आहे, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते : चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. खाडीत आत पाणी यावयास थोडा अधिक वेळ लागतो, तरी ठोकताळा म्हणून हा चोख आहे. यातून निघणारे अनुमान मात्र प्रथमदर्शनी उलटे वाटते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाची लोक धास्ती घेतात. पण त्या दिवसांचे उधाण दुपारी व मध्यरात्री येते, आणि पहाटे पाच-साडेपाचला खाडी नेमकी ओहोटीला लागलेली असते. रात्री साचलेले पाणी तोवर बहुधा उतरून गेलेले असते. अष्टमीच्या पहाटे भरती खरी, पण ती भांगाची, म्हणजे अशक्त. सबब लांब धावेचा रविवार ठरविताना केवळ पावसाचे भाकीत न पाहता तिथीही पाहावी, ही सूचना मी अत्यंत गांभीर्याने करते. जेसल पार्कच्या चौपाटीवर उभे राहून पाच मिनिटे खाडीचे पाणी न्याहाळले तरी त्या दिवशीच्या रस्त्याचा अंदाज बांधता येतो.

साचलेल्या पाण्यातून, कितीही उथळ दिसले तरी, धावू नये. त्याखाली गटाराचे झाकण आहे की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय पायास खरचटलेले असेल तर उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. अशा पाण्यात पाय पडलाच, तर दोन-तीन दिवसांच्या आत वैद्यांना भेटून प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरते, तेथे पावले आखूड टाकावीत. विजांचे भय रोहिणी-मृगात आणि परतीच्या पावसात अधिक, ऐन आषाढ-श्रावणात कमी.

स्त्रियांपुरता म्हणून जो त्रास आहे, त्याविषयी संकोचापायी कोणी बोलत नाही, म्हणून तो स्पष्ट लिहिते. भिजलेले कापड दीड-दोन तास एकाच जागी घासत राहते. अंतर्वस्त्राच्या खालच्या पट्टीशी, काखेत आणि मांड्यांच्या आतील बाजूस कातडी सोलवटते, आणि हे धावताना समजत नाही, घरी येऊन अंगावर पहिला तांब्या ओतल्यावर जी आग होते तीतून समजते. सुती कपडा पावसात वर्ज्य मानावा. निघण्यापूर्वी त्या सर्व ठिकाणी पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्यावा. पॅडही भिजून घासतो, त्याची वेगळी तजवीज हवी. आणि अंधार, निर्मनुष्य रस्ता, कोठेही उघडे स्वच्छतागृह नाही, या अडचणी पावसाने दुणावतात; यास्तव तिघी-चौघींनी मिळून निघावे. २०१२ मध्ये मुंबईत मिलिंद सोमण यांच्या पुढाकाराने केवळ स्त्रियांसाठी पिंकेथॉन सुरू झाली, तिचे मोठे श्रेय मला यातच दिसते, की ‘सोबत’ ही धावण्याची एक गरज म्हणून तिने उघडपणे मान्य केली.

इतका खटाटोप करावयाचा तो कशासाठी, असे विचारणाऱ्यांस आपल्याच परिसराचा दाखला पुरे. ठाणे महानगरपालिकेची वर्षा मॅरेथॉन भर पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये भरते. खाडीपलीकडची वसई-विरारची मॅरेथॉन हिवाळ्याच्या तोंडाशी आणि मुंबईची जानेवारीत. जानेवारीतल्या शर्यतीसाठी पाय श्रावण-भाद्रपदातच तयार करावे लागतात, दिवाळीनंतर जागे होऊन भागत नाही.

राहिली भिजलेली पादत्राणे. परत आल्यावर बूट तसेच बाल्कनीत टांगून ठेवू नयेत, या हवेत ते तीन दिवस वाळत नाहीत. आतला तळवा काढून वेगळा ठेवावा, नाड्या सैल कराव्यात, वर्तमानपत्राचे बोळे करून पंजापर्यंत घट्ट भरावेत आणि बूट पंख्याखाली आडवे ठेवावेत. दोन तासांनी बोळे काढले की हातात ओल्या लगद्यासारखे येतात. ते टाकून नवे भरावेत, आणि निजण्यापूर्वी तिसऱ्यांदा. दुसऱ्या दिवशी पहाटे बूट आतून कोरडा लागला, तरी शिवणीशी बोट फिरवून पाहावे. ओल तेथेच लपून राहते.