निवडुंगाच्या धंद्यात पाण्याचा हिशेब

कुंडीतील निवडुंग, कोरफड, जेड, अडेनियम यांची विक्री हा आता लहान गावांतही चालणारा जोडधंदा झाला आहे. जागा व भांडवल थोडे लागते आणि आठ दिवस पाणी न मिळाले तरी माल टिकतो. कुंड्या घडविणाऱ्या बंधूंनाही यात वाव आहे. मात्र या धंद्यात बुडतो तो माल बहुधा तहानेने नव्हे, जास्त पाण्याने, हे आम्ही प्रथमच सांगून ठेवतो.

ही झाडे पाणी खोडात व पानांत साठवितात. त्यांपैकी बहुतेकांची सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटलेली असतात व रात्री उघडतात. म्हणून पाणी कमी उडते. मुळे सतत ओल्या मातीत राहिली तर त्यांना हवा मिळत नाही व ती कुजतात.

गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा हे रानातले स्टेशन घ्या. या भागात वर्षाला १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हाजरा धबधब्याकडे लोकांची रीघ लागते ती पावसाळ्यात, आणि विक्रीच्या या झाडांना धोकाही तेव्हाच. म्हणून ऋतूप्रमाणे पाणी द्यावे.

पावसाळा : कुंड्या पारदर्शक छपराखाली, चारी बाजूंनी वारा खेळेल अशा ठेवाव्यात. माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी देऊ नये. कुंडीखालची बशी काढून टाकावी.

हिवाळा : डिसेंबर-जानेवारीत बहुतेक निवडुंग विसावा घेतात. महिन्यातून एकदा, दुपारच्या उन्हात, थोडे पाणी पुरे. पाने गाळलेल्या अडेनियमला जवळजवळ कोरडेच ठेवावे. हिरव्या खोडावर कलम केलेल्या लाल-पिवळ्या निवडुंगाला मात्र थंडी सोसत नाही. तो आत घ्यावा.

फेब्रुवारी-मार्च : वाढ सुरू होते, तसे पाणी हळूहळू वाढवावे. कचारगडची यात्रा माघ पौर्णिमेला भरते. त्या सुमारास माल टवटवीत असतो. विक्रीस हा काळ चांगला.

उन्हाळा : पारा ४२ अंशांवर जातो तेव्हा दुपारी सावली करावी व पाणी संध्याकाळी द्यावे. लहान कुंडी लवकर सुकते, मोठी उशिरा. एकच वार ठरवून सर्वांना पाणी घालू नये.

पारख सोपी आहे. बारीक काडी मुळापर्यंत खुपसावी. ओली माती चिकटून आली तर थांबावे, कोरडी निघाली तर तळाच्या भोकातून वाहेपर्यंत पाणी द्यावे. मिश्रणात जाडी वाळू व विटेचा चुरा निम्म्याहून अधिक असावा. मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा लवकर सुकते, हे गिऱ्हाइकाला जरूर सांगावे.

बुंधा मऊ पडून पिवळा झाला तर ती तहान समजू नये. कुजका भाग स्वच्छ सुरीने कापावा, उरलेला तुकडा सावलीत आठवडाभर वाळवावा व कोरड्या वाळूत लावावा.

शेवटी एक सूचना. प्रत्येक कुंडीबरोबर पाण्याची चार ओळींची चिठ्ठी द्यावी. झाड महिनाभरात मेले तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. जगले तर शेजाऱ्यालाही घेऊन येते.