फोन सांभाळणाऱ्या ताईची मजुरी कोण धरणार?

आज गटाच्या कामातल्या फोनबद्दल बोलू या. फोन चांगला की वाईट, या वादात मी पडत नाही. तो आपल्या कामात आलेलाच आहे. मागणी फोनवर येते, मालाचा फोटो फोनवर जातो, पैसेही फोनवर जमा होतात. पूर्वी उडीद डाळीचा भाव काढायला एकीला तालुक्याला जावं लागायचं. एसटीचं भाडं जायचं, वर अख्खा दिवस मोडायचा. आता दोन दुकानांना फोन लावला की काम झालं. मग हा वाचलेला दिवस जातो कुठे?

पापडाचंच बघा. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत पापड पसरायचे असतात. पीठ कुटून झालंय, लाट्या पाडल्यात, हाताला तेल लागलंय आणि तेवढ्यात फोन वाजतो. हात पुसायचा, फोन उघडायचा, तर आत गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’! दुसऱ्या वेळी खरंच गिऱ्हाईक असतं, म्हणून न बघून चालत नाही. परत येईपर्यंत उघड्या राहिलेल्या लाट्या सुकतात, लाटताना कडा चिरतात. मेसेज वाचायला अर्धा मिनिट लागतो, पण हाताला परत वेग यायला त्याहून जास्त वेळ जातो. लाटणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

यावर उपाय अवघड नाहीत. मागणीचा ग्रुप आणि गप्पांचा ग्रुप वेगळा ठेवा. गप्पांचा ग्रुप कामाच्या वेळी ‘म्यूट’ करता येतो. आठ तास, एक आठवडा किंवा कायमचा, असे पर्याय तिथे दिसतात. सूचनांच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशीही सोय आहे. गिऱ्हाइकांना सांगून ठेवा, की मेसेजला उत्तर दुपारी एक आणि संध्याकाळी सात वाजता मिळेल, घाई असेल तर सरळ फोन करा. एकाच वेळी अनेकांना मेसेज पाठवायला ब्रॉडकास्ट लिस्ट करतात. पण ज्यांनी तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच तो पोचतो, हे लक्षात ठेवा.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजाचा मेसेज चांगला. मात्र मागणी तेवढी वहीत उतरवाच. ‘पाच किलो मिरीचे, दोन किलो साधे’ हे नंतर वीस आवाजी मेसेजमधून शोधत बसणं म्हणजे पुन्हा खोळंबा. आणि ठराव फोनवर करू नका. जिच्याकडे फोन नाही, किंवा ज्या घरात फोन मुलाच्या खिशात असतो, ती बाई त्या ठरावातून नकळत बाहेर पडते. तिला निरोप तोंडीच गेला पाहिजे.

आता खरा मुद्दा. हा सगळा फोन सांभाळतं कोण? बहुतेक गटांत एक थोडी शिकलेली ताई. भाव सांगणं, फोटो पाठवणं, पैसे आले का ते बघणं, रुसलेल्या गिऱ्हाइकाची समजूत घालणं, सगळं तिच्याकडे. मजुरी मात्र किलोवर. म्हणजे ती जितका जास्त धंदा आणते तितके तिचे पापड कमी, आणि तितकी तिची मजुरी कमी. वर कोणीतरी म्हणतंच, ‘ही काय, फोन घेऊन बसलेली असते.’

लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन केली, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड वजन करून द्यायचे आणि नवं पीठ घ्यायचं. बोलणं-विचारणं त्या देवघेवीच्या वेळी होतं, मधला वेळ लाटण्याचा. शिवाय पीठ मळणं, वजन, पाकिटं भरणं हीही तिथे कामंच धरली जातात. फुकटची मदत म्हणून कोणी करत नाही.

आपणही हिशोब मांडून बघू. समजा गटात दहा जणी आहेत, रोज वीस किलो पापड होतात आणि किलोला साठ रुपये मजुरी आहे. फोनवाल्या ताईचे रोज दोन तास फोनवर जातात. तेवढ्या वेळात तिने एक किलो लाटले असते असं धरा. म्हणजे तिचे साठ रुपये बुडाले. ते वीस किलोंवर वाटले तर किलोमागे तीन रुपये येतात. जमाखर्चात वाहतूक, पाकिटं लिहितो तशीच एक ओळ ‘फोन व हिशोब’ अशी लिहा. ते काम दर महिन्याला दुसरीकडे दिलं तर आणखी चांगलं, म्हणजे बाकीच्याही शिकतील.

हे तीन रुपये सगळ्यांच्या मजुरीतून काढायचे की भावात धरायचे, ते बैठकीत ठरवा. मला विचाराल तर भावात धरा. घरबसल्या मागणी द्यायची सोय गिऱ्हाइकाला मिळते आहे, आणि किलोमागे तीन रुपयांसाठी चांगल्या पापडाचं गिऱ्हाईक सहसा तुटत नाही.