दहावा माणूस

जबलपूरच्या पूर्वेला, रांझीच्या पुढे, रिछाईची औद्योगिक वसाहत आहे. व्हेइकल फॅक्टरी आणि खमरियाची आयुध निर्माणी याच अंगाला. मोठ्या कारखान्यांच्या शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये छोटे उद्योग चालतात. त्यातली एक फॅब्रिकेशनची शेड डोळ्यांसमोर आणू. दोन वेल्डर, एक ग्राइंडरवाला, पाच हेल्पर, एक मुनीम. मस्टरवर नऊ नावं. काम वाढलंय, आणि फाटकाशी आयटीआय झालेला एक मुलगा उभा आहे. मालक म्हणतो, "कल सुबह आठ बजे आ जाना." दुसऱ्या दिवशी मुनीम मस्टरवर दहावी ओळ लिहितो.

त्या एका ओळीने शेडमधल्या दहाही जणांचं आयुष्य कायद्याच्या नजरेत बदलतं. मला याचं पहिल्यापासून अप्रूप वाटत आलं आहे. यंत्रं तीच, पत्रा तोच, माणसंही तीच. पण नऊचे दहा झाले की कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. त्याच दहाला ग्रॅच्युइटी लागते. वीस झाले की भविष्य निर्वाह निधी येतो. अधिसूचित धोकादायक कामात तर ईएसआयला एक माणूसही पुरतो.

आणि ही वाट एकेरी आहे. पुढे दोघं सोडून गेले, मस्टरवर आठच नावं उरली, तरी विमा चालूच राहतो. माप ओलांडून आत आलेलं माणूस घरचं होतं, तसंच हे. ठेकेदाराकडून आलेले हातही मोजणीत धरले जातात. एका धंद्याच्या दोन शाखा असतील तर निधीसाठी दोन्हीकडची माणसं मिळून मोजतात.

आता त्या मुलाचा पगार हिशेबापुरता महिना १३,००० रुपये धरू. ईएसआयसाठी त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, म्हणजे ९८ रुपये. मालक सव्वातीन टक्के भरतो, म्हणजे ४२३. दोन्ही मिळून महिन्याला ५२१ रुपये. एवढ्या पैशात त्याला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांना औषधपाणी मिळतं. ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कामावर हात भाजला, बोट गेलं, तर बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के. आणि त्यासाठी पूर्वीच्या वर्गणीची अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. ५२१ रुपयांत हे कसं परवडतं? कारण असे लाखो ५२१ एकत्र येतात आणि एका महिन्यात त्यातल्या थोड्याच जणांना गरज पडते.

ही आकडेमोड आपल्याकडे मुळापासून मांडली ती प्रा. बी. पी. आडारकर यांनी. मार्च १९४३ मध्ये सरकारने त्यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचं काम सोपवलं आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल तयार झाला. युद्धाचा काळ होता. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. इकडे खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आकाराला येत होता, तिकडे दिल्लीत जखमी कामगाराच्या घरी चूल कशी पेटेल याचा हिशेब चालला होता. १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूरमधून योजना सुरू झाली.

निधीची गोष्ट त्याहून जुनी आहे, आणि ती आपल्याच जुन्या प्रांतातली आहे. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. त्या नागपुरात १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात झाली. देशात अपघात भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं. एका मालकाने आपणहून केलेली गोष्ट पुढे सगळ्यांवर बंधनकारक झाली. आज निधी लागू असेल तिथे १३,००० वर कामगाराचे १,५६० रुपये कापले जातात आणि मालकही १,५६० भरतो. मालकाच्या त्या रकमेतले १,०८३ पेन्शनच्या खात्यात वळतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. पासबुकात मालकाची बाजू कमी दिसते म्हणून कामगार मुनिमाशी भांडतो, आणि मुनिमालाही नीट सांगता येत नाही.

पण माझा सगळ्यात आवडता आकडा आहे २६.

ग्रॅच्युइटीचं सूत्र असं: शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. १३,००० ला २६ ने भागलं की ५०० रुपये रोज. पंधरा दिवसांचे ७,५००. दहा वर्षांचे ७५,०००. आता ३० ने भागून पाहा: रोज ४३३ रुपयांवर येतो आणि दहा वर्षांचे होतात सुमारे ६५,०००. दहा हजारांचा फरक! हे २६ आलं कुठून? महिन्यातून चार सुट्ट्या वजा केल्या की उरतात ते कामाचे दिवस. पगार त्या दिवसांचा, सुट्टी त्यातच धरलेली.

आणि ती साप्ताहिक सुट्टी कोणी आयती दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, आणि गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांची सभा भरली. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रिछाईतला मुनीम कॅल्क्युलेटरवर २६ दाबतो तेव्हा त्या सभेचं फळ त्याच्या बोटाखाली असतं. मला हे कळलं त्या दिवसापासून पगारपत्रक रुक्ष वाटेनासं झालं.

असे आकड्यांचे उंबरठे जगभर आहेत. अमेरिकेत नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा १९६४ चा कायदा १५ माणसांपासून लागू होतो, तर आजारपणासाठी किंवा बाळंतपणासाठी रजा देणारा १९९३ चा कायदा ५० पासून. फ्रान्समध्ये ५० ला बरीच बंधनं सुरू होतात, आणि तिथे नेमक्या ४९ माणसांच्या कंपन्यांची गर्दी अर्थतज्ज्ञांना आढळली. आपल्याकडेही एकोणिसावर थबकणारे मालक असतात. त्यांची अडचण खोटी नाही: १३,००० चा माणूस विमा, निधी आणि किरकोळ शुल्कं धरून पंधरा हजारांवर जातो. तरीही मला हा भाव महाग वाटत नाही. भरपाई तर द्यावीच लागते, आणि विमा नसेल तर एका अपघातात छोट्या मालकाची शेड विकली जाऊ शकते.

२१ नोव्हेंबर २०२५ ला जुने २९ कामगार कायदे जाऊन चार संहिता लागू झाल्या. त्यात गेलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने माणसाची किती बारीक काळजी घेतली होती! भिंतींना चौदा महिन्यांतून एकदा चुना. पिण्याच्या पाण्याची जागा संडास-मुतारीपासून किमान सहा मीटर दूर, आणि 'पिण्याचे पाणी' ही पाटी बहुतेक कामगारांना समजेल अशा भाषेत. जादा कामाला दुप्पट पगार तेव्हाही होता, आताही आहे. कॅन्टीनची अट २५० कामगारांवरून १०० वर आली. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळेल. कायम कामगाराला पाच वर्षांची अट आहेच. भत्त्यांचा फुगवटा करून मूळ पगार लहान दाखवण्याची वाटही अरुंद झाली, कारण भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग आता पगारातच धरला जातो. आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. रविवारची सुट्टी मिळाल्याला १३५ वर्षं झाली, तेव्हा कुठे हा साधा कागद सगळ्यांच्या हक्काचा झाला.

म्हणून तुमच्या ओळखीत रिछाईत, बुटीबोरीत किंवा भोसरीत कोणी हेल्पर, वेल्डर, पॅकिंगवाली बाई असेल, तर तिला दोन गोष्टी विचारा: नेमणूकपत्र मिळालं का, आणि निधीच्या खात्याचा बारा आकडी क्रमांक, म्हणजे यूएएन, माहीत आहे का. यूएएन असेल तर उमंग अ‍ॅपवर तिचं पासबुक उघडून द्या आणि मागच्या महिन्याचे पैसे जमा झालेत का ते तिच्यासोबत बसून पाहा.