जुन्नर-आंबेगाव परिसरातील कामधंद्याची भाषा : इंग्रजी शब्दांच्या निमित्ताने

जुन्नरच्या आसपासच्या लेण्यांत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील जे ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख आहेत, त्यांत दात्यांच्या नावांबरोबर व्यवसायांचीही नावे येतात. धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि काशाची भांडी घडविणारे यांच्या श्रेणींचा तेथे उल्लेख आहे. यांपैकी काशाचे काम करणाऱ्याचे नाव 'कासार' या रूपात मराठीत टिकले. बांबूकाम करणाऱ्याचे 'वंश' शब्दापासून झालेले जुने नाव मात्र लोपले आणि त्याच्या जागी 'बुरूड' आला. धंदा तोच राहिला, शब्द बदलला. एकाच भूमीत कामाला पडलेल्या नावांचे असे थरावर थर चढत गेलेले असतात. प्रस्तुत लेखात या थरांपैकी सर्वांत वरच्या, म्हणजे इंग्रजीतून आलेल्या शब्दांच्या थराचा विचार करावयाचा आहे.

असा विचार सामान्यतः भाषाशुद्धीच्या अंगाने केला जातो. इंग्रजी शब्द किती आले, त्यांना पर्याय कोणते, पर्याय रूढ का झाले नाहीत, हे त्यातले ठरलेले प्रश्न. ते निरर्थक नाहीत. परंतु त्यांच्या आधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. कामाच्या व्यवहारातील नेमक्या कोणत्या गोष्टीला इंग्रजी नाव लागते आणि कोणत्या गोष्टीला लागत नाही? जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके या प्रश्नासाठी सोयीचे आहेत. त्यांच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या उतारावरची भातखाचरे आणि महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वस्त्या आहेत. पूर्वेला कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावरचा ऊस, कांदा, टोमॅटो आणि सहकारी साखर कारखाने आहेत. एका वाटेने येथील माणूस पिढ्यान् पिढ्या मुंबईस गेला. दुसऱ्या वाटेने, पुणे-नाशिक रस्त्याने, तो आज चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जातो. कामाचे इतके प्रकार एका टापूत एकत्र क्वचितच सापडावेत.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. इंग्रजीपूर्वीची या क्षेत्रातील मराठी 'शुद्ध' होती असे मानण्यास आधार नाही. नोकर, चाकर, मजूर, मुकादम, हजेरी, रजा, बदली, बरखास्त हे सारे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. 'पगार' आणि 'मेस्त्री' हे पोर्तुगीजांचे देणे. ज्या शिवनेरीवर १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो गड याच तालुक्यातला. त्यांच्याच आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी राजशब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यांतले काही दरबारात चालले, पण 'चाकरी' आणि 'हजेरी' यांना कोणी हलवू शकले नाही. कामाचे शब्द ज्याच्या हाती काम देण्याची सत्ता असते त्याच्या भाषेतून येतात, हा इतिहास जुना आहे. इंग्रजीने त्यात नवे काय केले एवढेच पाहावयाचे.

शेतीकडे पाहिले तर विलक्षण गोष्ट आढळते. नारायणगाव परिसरातील शेतकऱ्याच्या बोलण्यात ट्रॅक्टर, ड्रिप, स्प्रे, मल्चिंग असे इंग्रजी शब्द सर्रास येतात. मात्र माणूस कामाला कोणत्या नात्याने आला हे सांगताना तो इंग्रजीकडे वळत नाही. सालगडी, रोजाने, उक्ते, अंगावर घेतलेले काम, वाट्याने केलेली जमीन, उचल हे शब्द तिथे पुरेसे ठरतात. ऊसतोडीत तर 'कोयता' हा शब्द हत्याराचा उरतच नाही. तोडीला येणाऱ्या नवराबायकोच्या जोडीचे ते मोजमाप होते. पश्चिम भागात खाचरे बांधण्यासाठी घराघरांनी एकमेकांकडे आळीपाळीने राबण्याची 'पडकई' आहे. ज्या कामाचे मोल पैशात होत नाही, त्याला इंग्रजीत शब्द शोधण्याची वेळच येत नाही. नारायणगाव हे तमाशाचे माहेर. तेथील राहुट्यांत गावोगावच्या जत्रांचे करार होतात ते 'सुपारी' या शब्दाने. (हाच शब्द मुंबईच्या गुन्हेगारी जगाने उचलला आणि वर्तमानपत्रांनी त्याला बदनाम केले, फडमालकाच्या सुपारीत मात्र अजून विड्याचा मान आहे.)

हे जुने शब्द नात्यांचे होते म्हणून ते मायेचे होते, असा समज करून घेऊ नये. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेपद्धतीचे जे तपशीलवार वर्णन आहे, ते गावच्या बाजूने पाहणाऱ्याचे आहे. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यातील धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, तेव्हा तोच शब्द बलुते मागणाऱ्याच्या बाजूने उच्चारला गेला. व्यवस्थेच्या नावातली दाहकता कळण्यास मराठी वाङ्मयाला त्रेसष्ट वर्षे लागली. ज्यांच्या वाट्याला बलुते होते त्यांना 'नोकरी', 'ड्यूटी', 'पर्मनंट' हे शब्द परके वाटण्याऐवजी सुटकेचे वाटले असतील, तर त्यात नवल नाही.

सुटकेची ही वाट प्रथम मुंबईकडे गेली. गिरण्यांच्या भाषेत इंग्रजी पुष्कळ होते, पण तेथेही एक विभागणी दिसते. यंत्रांची व खात्यांची नावे इंग्रजीतून आली. कामगाराच्या देहाशी व दिवसाशी संबंध असलेले शब्द मात्र मराठीच राहिले : पाळी, खाडा, भोंगा, हजेरी. 'बदली' या शब्दाचा प्रवास तर उलटा झाला. गैरहजर कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला माणूस म्हणजे 'बदली'. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या इंग्रजी संहितेत हा शब्द जसाच्या तसा गेला व त्याची व्याख्याही तेथे करावी लागली. असा माणूस इंग्लंडच्या कारखान्यात नव्हता म्हणून त्याला इंग्रजी नाव नव्हते, असे नाही. येथे ही पद्धत इतकी पक्की झाली होती की तिचे येथलेच नाव कायद्याला स्वीकारावे लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांबरोबर ही भाषाही ओसरली. तिचा उत्तरकाळ जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) नाटकात ऐकू येतो.

मुंबईचे डबेवाले हे याच वाटेचे दुसरे उदाहरण. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर येथील माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा केलेला हा धंदा. त्यांच्या नोंदणीकृत संस्थेच्या नावात 'टिफिन बॉक्स सप्लायर्स' आहे, पण ते नाव कागदापुरते. आपसांतली भाषा मुकादम, गट, गिऱ्हाईक, डबा यांची. 'लाइन' हा इंग्रजी शब्द त्यांनी घेतला तो मात्र आपल्या अर्थाने : ठरावीक गिऱ्हाइकांची, हक्काची, दुसऱ्याला मोल घेऊन देता येणारी वाट. डबेवाला हा कोणाचा पगारी नोकर नसून गटातला भागीदार असतो. म्हणूनच त्याच्या बोलीत 'पर्मनंट' व 'टेंपररी' यांना जागा मिळाली नाही. पुढे व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून 'सिक्स सिग्मा' हे बिरुद त्याच्या नावाशी जोडले गेले. ते त्याच्या धंद्याला कधी लागले नव्हते. इंग्रजी शब्दकोशांनी घेतला तो त्याचाच शब्द.

इंग्रजी खऱ्या अर्थाने घट्ट बसते ते चाकणच्या वाटेवर. येथे 'कंपनी' म्हणजे कारखाना. एकेकाळी राज्य करणारी आणि नंतर नाटके करणारी कंपनी आता सकाळी बस पाठविते. या कंपनीत प्रत्यक्ष काय काम चालते हे सांगण्यास 'ऑपरेटर' वा 'हेल्पर' एवढे मोघम शब्द पुरतात. ज्यांवर संभाषण खरोखर चालते ते शब्द निराळे : ट्रेनी, टेंपररी, कॉन्ट्रॅक्ट, पर्मनंट आणि 'ब्रेक'. या शेवटच्या शब्दाकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावे. सिनेनाट्यसृष्टीच्या मराठीत 'ब्रेक मिळाला' म्हणजे पहिली संधी मिळाली. कंपनीच्या मराठीत 'ब्रेक दिला' म्हणजे काम गेले. वर्षात २४० दिवस काम भरले तर सलग सेवेचा दावा उभा राहतो, अशी तरतूद १९४७ च्या कायद्यात होती. तो दावा उभा राहू नये म्हणून कामगाराला मध्येच थांबविण्याची जी रीत पडली, तिचे हे नाव. एक शब्द 'मिळणे' या क्रियापदाबरोबर नशीब उघडतो आणि 'देणे'बरोबर घरी बसवितो. 'कंत्राट' आणि 'कॉन्ट्रॅक्ट' यांचेही असेच. दोन्हींचे मूळ एक, पण कंत्राट पूल बांधणाऱ्याला मिळते आणि कॉन्ट्रॅक्टवर माणूस असतो.

म्हणजे कामाला नव्हे, तर कामावरील हक्काच्या प्रमाणाला इंग्रजी नावे लागली आहेत. या जागी मराठी पर्याय का रुजले नाहीत, याचे कारण केवळ लोकांची अनास्था नव्हे. राज्य शासनाने भाषा संचालनालय स्थापून पदनाम कोश सिद्ध केला. त्याची 'बदनाम कोश' म्हणून टिंगल झाली, ती सर्वस्वी न्याय्य नव्हती. 'ग्रामसेवक' खेड्यापाड्यांत सहज रूढ झाला. 'लिपिक' अर्जात राहिला आणि तोंडी क्लार्क. तहसीलदाराच्या जागी घोडेगावचा म्हातारा अजून 'मामलेदार'च म्हणेल. परंतु शासकीय मराठीचा एक प्रवाह अधिक काळजीने तपासावा असा आहे. अंगणवाडीची 'सेविका', 'मदतनीस', आरोग्य खात्याची 'आशा स्वयंसेविका', २००० पासूनचा 'शिक्षणसेवक' ही नावे मंगल आहेत. त्यांना मिळणाऱ्या पैशाचे नाव 'मानधन' हेही तसेच. आता 'पगार' हा परका शब्द म्हणतो की तुमच्या श्रमाचे देणे आहे. 'मानधन' हा आपला शब्द म्हणतो की तुमचा सन्मान केला आहे. सन्मानाची थकबाकी मागता येत नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान कायदा लागू होतो असा निर्णय दिला. त्यात या मानधनाला त्या कायद्यापुरते वेतनच मानले गेले. पश्चिम आंबेगावच्या वाड्यांतून रोज अंगणवाडी उघडणाऱ्या बाईला 'सेविका' या संस्कृत शब्दाने जे दिले नव्हते, ते असे कायद्याच्या अर्थविवरणातून मिळाले.

मराठीने या साऱ्या उसन्या शब्दांना आपल्या प्रत्ययांनी कसे पारखून घेतले, हे शेवटी पाहण्यासारखे आहे. माणूस 'नोकरीला लागतो', 'सर्व्हिसला असतो', 'कामाला जातो'. पण तो 'रोजंदारीवर' असतो, 'बदलीवर' असतो, 'कॉन्ट्रॅक्टवर' असतो, 'मानधनावर' असतो. 'ला' माणसाला कामाशी जोडतो. 'वर' त्याला कोणत्या अटीवर ठेवले आहे ते सांगतो. हा नियम निरपवाद नाही. 'ड्यूटीवर' हा शब्द केवळ त्या वेळची हजेरी दाखवितो आणि घरकामाला जाणाऱ्या स्त्रीच्या 'ला'त शाश्वती काहीच नसते. तरीही शब्द फारसी असो, संस्कृत असो वा इंग्रजी, अटीचा असला की तो सहसा 'वर'कडे जातो. आपल्या महाविद्यालयांच्या जाहिरातींत 'तासिका तत्त्वावर' असे छापलेले असते आणि शिक्षकांच्या खोलीत त्याचे 'सी.एच.बी.वर' होते. त्या तीन अक्षरांचा पूर्ण उच्चार कोणी करीत नाही, आणि नेट-सेट होऊन आठ-आठ वर्षे शिकविणाऱ्या प्राध्यापकाविषयीही गावी विचारले तर घरचे 'लागला' म्हणत नाहीत; 'सध्या सी.एच.बी.वर आहे' असेच सांगतात.