फुटक्या काचेचा पुढील प्रवास

शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटल्याचा आवाज झाला की सारा वर्ग क्षणभर स्तब्ध होतो. कोणीतरी हसते, शिक्षक "हात लावू नका" असे बजावतात आणि शिपाई केरसुणी व सुपली घेऊन येतो. दोन-तीन मिनिटांत फरशी स्वच्छ होऊन प्रयोग पुढे सुरू होतो. ती काच केराच्या टोपलीत कागदांखाली जाऊन पडली, यापलीकडे तिचे काय झाले याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वाचकहो, आज आपण त्या काचेच्या मागोमाग थोडे पुढे जाऊ.

टोपली सायंकाळी रिकामी होते. ती रिकामी करणारी बाई कागद दाबून पिशवीत भरते. दाबल्याखेरीज पिशवीचे तोंड बांधता येत नाही, हे आपण घरीही अनुभवतो. पुढे हीच पिशवी गाडीवर चढते, उतरते, आणि तिच्यातील विकण्याजोगा माल निवडण्यासाठी कोणाचा तरी हात तिच्यात शिरतो. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची जी संघटना स्थापन झाली, तिचे नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' असे आहे. काच हा या माणसांच्या उपजीविकेचा विषय होय. परंतु पिशवीत अडकलेल्या फुटक्या परीक्षानळीचे मोल त्यांच्या लेखी शून्य. तिच्यापासून मिळते ती केवळ जखम. हाताला टाके पडले म्हणजे रोजंदारीवर जगणाऱ्याची मजुरीही बुडते.

मराठी घरांत बांगडी 'फुटली' असे म्हणत नाहीत, ती 'वाढली' असे म्हणतात. अशुभ शब्द टाळण्याची ही रीत मोठी गोड आहे. मात्र शब्दाप्रमाणे तुकडेही दृष्टीआड करण्याची सवय आपल्याला जडली आहे, आणि ती घातक आहे. वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच पाहणाऱ्याला पुडके वाटते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तर ती उचलताक्षणीच बाहेर येते.

उपाय अगदी साधा आहे. जाड पुठ्ठ्याचे मजबूत खोके घ्यावे, त्याच्या तळाच्या फटी चिकटपट्टीने बंद कराव्या, आत जाड पिशवीचे अस्तर घालावे आणि झाकणास काच टाकण्यापुरते तोंड ठेवावे. खोके पाऊण भरले की ते थांबवावे. काठोकाठ भरलेल्या खोक्यात वरून दाबण्याचा मोह होतो व तेथेच हात कापतो. मग तोंड चिकटपट्टीने पक्के बंद करून त्यावर ठळक अक्षरांत लिहावे: 'फुटकी काच. हात घालू नये.' हे लेखन कोणत्या भाषेत असावे, हा प्रश्न क्षुल्लक नाही. पुष्कळ प्रयोगशाळांतून इंग्रजी पट्ट्या लावलेल्या असतात आणि खोके उचलणाऱ्या व्यक्तीला नेमकी तीच भाषा वाचता येत नाही. चेन्नईत तमिळ, कोलकात्यात बंगाली, नागपुरात मराठी व हिंदी, आणि सर्वत्र फुटलेल्या बाटलीचे एक चित्र, असे असले तर निरक्षर माणसालाही इशारा पोहोचतो.

ही काच भंगारात का देऊ नये, असा प्रश्न काटकसरी वाचक विचारील. त्याचे उत्तर काचेच्या जातीत आहे. आपल्या बाटल्या व बरण्या सोडा-चुन्याच्या काचेच्या असतात. प्रयोगशाळेतील चंचुपात्रे व चंबू बहुधा बोरोसिलिकेट काचेचे असतात. ही काच जर्मनीतील ऑटो शॉट यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस तयार केली. साधी काच उष्णतेने जितकी प्रसरण पावते, त्याच्या सुमारे एकतृतीयांशच ही प्रसरण पावते; म्हणून ती ज्योतीवर सहसा तडकत नाही. पण हाच गुण भट्टीत दोष ठरतो. बाटल्यांची काच वितळविणाऱ्या उष्णतेला तिचे तुकडे नीट विरघळत नाहीत व नव्या बाटलीत गाठी राहून ती कमकुवत होते. शिवाय नळीला चिकटलेले रसायन कोणत्या हातांना लागेल, हे सांगता येत नाही. तेव्हा प्रयोगशाळेची काच, धुऊन घेतलेली असली तरी, भंगारापासून वेगळीच ठेवावी.

काच गोळा करताना हात वापरू नये. मोठे तुकडे चिमट्याने, बारीक तुकडे दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरून, आणि चुरा ओल्या कापसाने टिपावा. घरात आपण मळलेल्या कणकेचा गोळा फिरवतो, तीही युक्ती चालते. मात्र तो गोळा सवयीने गाईपुढे जाऊ देऊ नये, काचेच्या खोक्यातच टाकावा. सर्वांत फसवी असते ती सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवरील आच्छादन काच. तिची जाडी मिलिमीटरच्या सुमारे सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढी असते. पाण्यात पडली की दिसतच नाही. मुले काचपट्ट्या मोरीत धुतात, आच्छादन काचा निसटतात, आणि तुंबलेली मोरी साफ करणाऱ्याच्या बोटांना त्या सापडतात. यासाठी मोरीच्या तोंडाशी जाळी बसवावी व धुण्यापूर्वी आच्छादन काच चिमट्याने काढून घ्यावी.

पाती व सुया यांची गोष्ट निराळी आहे. वनस्पतीच्या खोडाचे छेद घेण्यासाठी वापरलेले दाढीचे पाते आणि रक्तगट पाहण्यासाठी बोटाला टोचलेली सुई ही दोन्ही तीक्ष्ण खरी, पण दुसरीवर रक्त असते. कावीळ-ब चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. अशी सुई पुठ्ठ्याच्या खोक्यात मुळीच टाकू नये. तिला पुन्हा टोपण लावण्याचा प्रयत्नही करू नये, कारण टोचण्याचे अपघात टोपण लावतानाच पुष्कळदा होतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत रुग्णालयांच्या बरोबरीने शैक्षणिक संस्था व शाळांच्या प्रथमोपचार खोल्या यांचाही उल्लेख आहे, आणि सुया-पात्यांसाठी पांढरा, अर्धपारदर्शक, न भोसकला जाणारा डबा सांगितला आहे. शाळेने जवळच्या दवाखान्याशी बोलणे करून भरलेला डबा त्यांच्या कचऱ्याबरोबर पाठविण्याची व्यवस्था करावी.

पाऱ्याच्या तापमापकाची काच वरील कोणत्याच खोक्यात जात नाही. पारा झाडूने झाडला की त्याचे सूक्ष्म थेंब होऊन सर्वत्र पसरतात व त्यांची वाफ हवेत मिसळते. खिडक्या उघडून मुलांना बाहेर काढावे, थेंब पुठ्ठ्याने एकत्र आणून ड्रॉपरने शोषून घ्यावे आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवावे. पाऱ्याच्या वापरास आळा घालणारा मिनामाता करार २०१७ साली अमलात आला व भारताने त्यास २०१८ साली मान्यता दिली. शाळांनी अल्कोहोलचे किंवा डिजिटल तापमापक घेणे आता कठीण राहिलेले नाही.

इतकी व्यवस्था केली तरी एक अडचण उरते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे. अनेक शाळांत फुटलेल्या वस्तूची किंमत विद्यार्थ्याकडून वसूल करतात. दंडाच्या भीतीने मूल काय करते? तुकडे रुमालात गुंडाळून खिशात घालते, कपाटाच्या मागे सरकवते किंवा खिडकीतून बाहेर टाकते. तडा गेलेली परीक्षानळी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच मुलाच्या हाती येते. जाणूनबुजून केलेल्या नासधुशीची गोष्ट वेगळी. परंतु हातून निसटलेल्या नळीसाठी पैसे घेणे म्हणजे काच लपविण्याचे शिक्षण देणे होय. मोडतोडीची वही ठेवावी, तीत काय फुटले व कसे फुटले एवढेच लिहावे. पालकसभेस जाल तेव्हा हा प्रश्न अवश्य विचारा. काचनळी रबरी बुचात घालताना मोडली अशी नोंद वारंवार दिसली, तर नळी पाण्याने किंवा ग्लिसरीनने ओली करून, फडक्यात धरून, बुचाच्या अगदी जवळ पकडून फिरवावी, हे त्या वर्गाला पुन्हा शिकवावे लागेल हे शिक्षकांच्या ध्यानी येईल.

जखम झालीच तर खोल रुतलेला तुकडा उपटू नये. भोवती स्वच्छ कापड दाबून डॉक्टरांकडे न्यावे व धनुर्वाताच्या लशीची विचारपूस करावी. दुसऱ्याचे रक्त लागलेली सुई टोचली असेल तर जागा साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एचआयव्हीपासून बचाव करणारी औषधे लवकरात लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत, सुरू करावी लागतात. हा नियम विद्यार्थ्याइतकाच टोपली उचलणाऱ्या बाईलाही लागू आहे, आणि तिच्या औषधाचा खर्च शाळेने करावा.

प्रात्यक्षिक परीक्षांच्या दिवसांत, म्हणजे बहुतेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीत, घाई व धास्ती दोन्ही असल्याने काच अधिक फुटते. त्या आठवड्यात चिकटपट्टी मारून तयार केलेले एक रिकामे खोके प्रत्येक प्रयोगशाळेत जादा असावे.