परमुलखातला मास्तर

दुसऱ्याच्या देशात जायचे, पगार न घेता तिथल्या शाळेत भाषा शिकवायची, आणि राहायचे कुठे? तर तिथल्याच एखाद्या कुटुंबात, त्यांच्या चुलीपाशी! ऐकायला ही गोष्ट जरा विचित्र वाटेल. पण गेल्या साठ-पासष्ट वर्षांत हजारो तरुणांनी ती केली आहे. तिच्यातून काय साधते आणि फसगत कुठे होते, हे आज आपण थोडे उकलून पाहू.

इंग्लंडात १९५८ साली 'व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज' ही संस्था निघाली. अमेरिकेत अध्यक्ष केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी 'पीस कोअर' स्थापन केली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर तिची पहिली तुकडी आफ्रिकेतल्या घाना देशात उतरली, आणि ती शिक्षकांचीच होती. जपाननेही १९६५ मध्ये अशी योजना सुरू केली. आपल्या देशातही १९६१ ते १९७६ या काळात पीस कोअरचे स्वयंसेवक काम करीत होते.

आपण शेजारच्या नेपाळचे उदाहरण घेऊ. तिथे हे लोक १९६२ मध्ये आले, यादवीच्या काळात २००४ मध्ये परतले, आणि २०१२ मध्ये पुन्हा आले. एकूण मुदत २७ महिन्यांची. पहिले सुमारे ३ महिने स्वतः शिकायचे, पुढची २ वर्षे कामाची. पगार नाही, गावात साधेपणाने राहता येईल एवढा निर्वाहभत्ता मिळतो.

आता तुम्ही म्हणाल, 'इंग्रजी शिकवायला आलेल्या माणसाने लोकांच्या घरात कशाला शिरायचे? खोली भाड्याने घेतली तर काय बिघडले?' बिघडते ते असे, की ते घर हीच त्याची शाळा असते. सकाळी तो वर्गात गुरुजी असतो; संध्याकाळी घरी आला की घरातल्या चिमुरडीचाही विद्यार्थी होतो.

नेपाळी भाषा आपल्यासारखीच देवनागरीत लिहितात. गावात कोणी भेटले की विचारतात, 'भात खानुभयो?' हे काही जेवणाचे आमंत्रण नव्हे. आपण नाही का विचारत, 'काय, झालं का जेवण?' तसेच हे. पुन्हा समोरच्याला म्हणायचे काय? तँ, तिमी की तपाईं? इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. इथे शब्द चुकला तर आजोबांचा अपमान व्हायचा. पुस्तकात हे सारे एका कोष्टकात मावते. पण अंगवळणी पडते ते घरातच, कारण तिथे चूक झाली की धाकटी पोरे हसतात आणि आमा, म्हणजे आई, लगेच सुधारून देते. उष्ट्याला ते लोक 'जुठो' म्हणतात. आपल्या ताटातला घास दुसऱ्याला का द्यायचा नाही, हे त्या एका शब्दातून पाहुण्याला कळते.

याहून मोठा लाभ पुढेच आहे. 'मला भूक लागली' याला नेपाळीत म्हणतात 'मलाई भोक लाग्यो'. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी त्यांनाही भूक 'लागते'. इंग्रजाला ती लागत नाही. तो स्वतःच भुकेला 'असतो'. परक्या मुलखातला हा मास्तर अशा वाक्याशी अडखळला, की त्याला आपल्या विद्यार्थ्यांची चूक समजू लागते. आपलाच मुलगा 'मला दोन भाऊ आहेत' याचे इंग्रजी करताना 'टू मी टू ब्रदर्स आर' असे लिहितो. तो मुलगा मठ्ठ नसतो. त्याने मातृभाषेचा साचा तेवढा सोबत आणलेला असतो. ज्याने स्वतः नवी भाषा शिकताना असे हसे करून घेतले, तो वर्गात मुलांना हसत नाही.

आता फसगतीकडे वळू. पाहुणा आला म्हणून गावच्या शिक्षकाला बाजूला बसवले, तर नुकसान शाळेचेच. दोघांनी मिळून धडा आखावा, मिळून शिकवावा, हेच बरे. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे पीस कोअरने ६० हून अधिक देशांतले सुमारे ७,००० स्वयंसेवक एकाच वेळी माघारी बोलावले. निरोप घ्यायलाही अनेकांना सवड मिळाली नाही. अशा वेळी मागे उरते ते गावच्या शिक्षकाच्या हाती आलेले तेवढेच. दुसरी गोष्ट घरची. पाहुण्याचा भार शेवटी पडतो घरच्या बाईवर. जेवणाचा खर्च ठरवून द्यावा, स्वतःचे ताट स्वतः घासावे, पाण्याची घागर उचलावी. आणि दोन आठवडे येऊन, मुलांबरोबर छायाचित्रे काढून जाणारा माणूस भाषा शिकवून जात नाही, हेही ध्यानात ठेवा. मुलांची त्याच्याशी ओळख होते न होते तोच तो निघालेला असतो.

उद्या तुमच्या गावी असा पाहुणा आला, तर त्याच्याशी इंग्रजीत बोलण्याची हौस थोडी आवरा. त्याला बाजारात न्या, भाजीचा भाव करू द्या. 'चार'मधला च वेगळा आणि 'चमचा'मधला वेगळा, हे त्याच्याकडून म्हणवून घ्या. 'बाळ'मधला ळ जमेपर्यंत सोडू नका!

शिक्षकमित्रहो, तुम्हाला आणखी एक सांगायचे आहे. यासाठी समुद्र ओलांडायलाच हवा असे नाही. मेळघाटात कोरकू बोलणारे मूल, गडचिरोलीत गोंडी बोलणारे मूल पहिलीच्या वर्गात येते, तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला परक्या मुलखासारखीच असते. साताऱ्याहून किंवा नगरहून तिथे बदलून गेलेला शिक्षक हा परमुलखातलाच मास्तर म्हणायचा. तालुक्याच्या गावी खोली करून रोज जा-ये करण्याऐवजी तो काही दिवस पाड्यावर राहिला, तिथल्या आजीकडून पाणी, भाकर, आई, पाऊस एवढे चार शब्द शिकला आणि ते वर्गात बोलला, तर पाहा काय होते ते. पोर मान वर करून बघते. गुरुजींना आपली भाषा येते, निदान यावी असे त्यांना वाटते, एवढे त्याला पुरते. मग तेही तुमची भाषा शिकायला तयार होते.